काळ्यावरची वाळू

मुकादम म्हणाला होता, वाळू रस्त्याच्या कामाला न्यायची आहे. म्हणून डंपरवाला निर्धास्त होता. पण शेवटच्या वळणावर किनारा दिसला आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. समुद्रात तेलाच्या टँकर जहाजातून ‘किरकोळ गळती’ झाली, असं कंपनी रोज बातम्यांत सांगत होती. इथे दीपगृहापासून खाडीपर्यंत लाटासुद्धा काळ्या फुटत होत्या.

खाली त्याची बायको इतर बायकांबरोबर तेलाचा चिखल पिंपात भरत होती. कंपनीचे हातमोजे केव्हाच फाटले होते. कोपरापर्यंत पुरळ उठलं होतं.

"गाडी मागे घे आणि ओत इथेच," मुकादम ओरडला.

"इथे? अजून तेल उचललेलं नाही!"

"उद्या कंपनीचे मोठे साहेब येतायत. किनारा स्वच्छ दिसला पाहिजे. तुझं काय जातंय?"

तेवढ्यात बायको फावडं घेऊन चाकामागे येऊन उभी राहिली. "अहो, ही वाळू तुम्ही आणलीत?"

त्याला तोंड लपवावंसं वाटलं. "रस्त्याला म्हणाला गं."

तिने पायाशीच फावडं मारलं. वर काळं, खाली थोडी वाळू, तिच्याखाली पुन्हा काळं. गुडघाभर खणलं तरी तेच. "भरतीने आत गाडलंय हे. आम्ही नुसती वरची साय काढतोय, आणि त्यावर हे पांघरूण घालणार!"

त्याचं डोकं सणकलं. "नाही ओतत, जा!" तो मुकादमावर गरजला.

"मग उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

"तुझं तोंड बघायचं कुणाला आहे?"

दुसरे डंपर आले. संध्याकाळपर्यंत किनारा नव्यासारखा पिवळाधमक झाला.

दुसऱ्या दिवशी साहेब कॅमेऱ्यांसमोर वाळूत चालले. "समुद्र पूर्ववत झालाय," म्हणाले. डंपरवाला दोरीखालून आत घुसला आणि त्यांच्या पुढ्यातच खणू लागला. काळं वर आलं, साहेबांच्या बुटाला लागलं. "अरे, उचला याला!" साहेब किंचाळले. रखवालदारांनी त्याला फरपटत बाहेर काढलं.

बातम्यांत साहेब दिसले, त्यांचं वाक्य ऐकू आलं. खड्डा कुठेच नव्हता.

"हरामखोर!" त्याने टीव्ही बंद केला आणि बायकोच्या हातांना मलम लावायला बसला. "उद्या खाडीत जाऊ तेल काढायला. तिथे कुणी फिरकलेलंही नाही."

"तिथे खारफुटीच्या मुळांमध्ये फावडं शिरत नाही. हातानेच काढावं लागेल."

"मग हाताने काढू," तो म्हणाला. "पण आधी धड हातमोजे बघतो तुझ्यासाठी."