डोहातली नाव आणि ज्ञानदेवाचं तोंड

ज्ञानदेव भोयाचा आवाज म्हणजे आवाज! पिंपरीच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता, तिथं भोंगा बिघडला तर याला गच्चीवर उभा करा, अशी चेष्टा चालायची. जत्रेत बैलगाडे सुटायचे ते याच्याच पुकाऱ्यावर. यानं "भिर्रर्रर्र!" केलं की पंचक्रोशीतले बैल शेपट्या वर करून उधळायचे, मग समोर शर्यतीचा घाट असो नाहीतर कुणाच्या लग्नाचा मांडव. गडी स्वतःच्या आवाजावर भलताच खूश. घरात मीठ मागायचं झालं तरी त्याच पट्टीत मागायचा.

त्या उन्हाळ्यात तळवड्याच्या लोकांनी इंद्रायणीच्या डोहातली नाव काढायचं मनावर घेतलं. पूल बांधताना कंत्राटदारानं दगड-सिमेंट वाहायला मोटारीची लोखंडी नाव आणली होती. पूल झाला, बिल निघालं आणि पठ्ठ्या नाव तिथंच टाकून पसार झाला! आता ती अर्धी बुडालेली. तिच्या पोटात डिझेलची टाकी, अजून भरलेली; तोंड गाळात रुतलेलं, पत्रा गंजून पापडासारखा झालेला. टाकी फुटली की तेल डोहभर पसरणार. याच डोहात माशांची पिल्लं वाढायची, वस्तीच्या घागरीही इथंच भरायच्या. ज्ञानदेवाची बायको सरूबाई इथं जाळं टाकायची आणि देहूरोडच्या बाजारात मासळी विकायची.

ट्रक आणावा तर काठाच्या गाळात रुतला असता. तेव्हा हिंदुराव मिशीला पीळ देत पुढं आले. जत्रेत पहिला नंबर मारणारी गुलब्या-हरण्याची जोडी त्यांची.

"हिसका न्हाई द्यायचा, मामा," सरूबाईनं बजावलं. "मुंगीच्या पावलानं वढायचं. टाकी फुटली तर आमचं चूल-पाणी दोनी गेलं."

"माझं बैल गुमान चालत्याल गं पोरी. तुझ्या मालकाला तेवढं घरी बांधून ठिव!"

सगळे खो खो हसले. ज्ञानदेवाचं नाक फेंदारलं. "मी घरी ऱ्हाणार न्हाई! तोंडातनं शबूद काढला तर शप्पथ!"

सरूबाईचा त्या शपथेवर काडीचा भरवसा नव्हता. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "तोंडात घोट धरा. नाव वर येस्तवर गिळायचं न्हाई, थुकायचं न्हाई." झालं! आमचा वाघ गाल फुगवून काठावर उभा, आणि बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी.

भोयांनी पाण्यात उतरून नावेखाली केळीचे खुंट सरकवले. भोवती पेंढ्याचा वेढा टाकला, पण तो गळालेलं चूळभर तेल टिपणार, टाकीभर नव्हे. दोर बांधले. हिंदुरावांनी बैलांच्या वेसणी धरल्या आणि नाव कुरकुरत हलली. गावाला गप्प बसायची सवय कुठली? कुणी पदर तोंडात कोंबला, कुणी उपरणं.

नाव निम्मी वर आली आणि शर्यतीचे जुने शौकीन बबनराव यांना राहवेना. बैल, दोर, गर्दी बघून त्यांच्या तोंडून आपसूकच निघालं, "भिर्रर्रर्र!"

बैलांनी कान टवकारले आणि शेपट्या वर केल्या. हिंदुराव वेसणींना लोंबकळत फरफटले. दोर ताणला, पत्रा करकरला. सरूबाईनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

ज्ञानदेवानं तिचा चेहरा पाहिला. पाणी गटकन गिळून, हात पसरून तो थेट बैलांच्या पुढ्यात गेला. सगळ्यांना वाटलं, आता हा बोंब ठोकणार.

"हो… हो रं लेकरा," तो म्हणाला. "आज न्हाई पळायचं. हळू, माझ्या राजा."

एवढंच, तेही अंगाई म्हणावी तसं. ज्या आवाजानं त्यांना जन्मभर पिटाळलं, तोच आज असा मऊ आलेला ऐकून बैल बावचळले आणि थांबले. ज्ञानदेव मागं मागं सरत त्यांच्याशी बोलत राहिला; त्यांच्या शिंगांचं, वशिंडांचं, उद्याच्या पेंडीचं कायबाय कौतुक करत राहिला. एकेक पाऊल टाकत त्यांनी नाव कोरड्यावर आणली. टाकी शाबूत होती आणि पाण्यावर तेलाचा एक डाग नव्हता.

मग मात्र गावानं आरोळ्या ठोकल्या. चिखलानं माखलेल्या हिंदुरावांनी आधी बैलांच्या पाठीवर थाप मारली, मग ज्ञानदेवाच्या. सरूबाईनं टाकीवरून हात फिरवला, डोळे पुसले आणि ती नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली. तो शाबासकीसाठी छाती काढून तयारच होता.

"इतकं मऊ बोलता येतंय व्हय तुमाला?"

"येतंय की," तो लाजत म्हणाला.

"मग लगीन झाल्यापास्नं माझ्यासंगं कधी का न्हाई बोलला वं?"

ज्ञानदेवानं इकडंतिकडं बघितलं. मग तिच्या कानाशी वाकून तो काहीतरी बोलला. बबनराव कान देऊन अगदी शेजारी उभे होते, पण त्यांना एक अक्षर ऐकू आलं नाही.