पिएदादचं मागणं

आमच्या वाड्यावर पिएदादइतकी प्रार्थना कुणीच करत नसे. पहाटेची मिस्सा तिने कधी चुकवली नाही. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की वेदीपुढे गुडघे टेकून ती तेर्स म्हणायची, जपमाळेचा एकेक मणी मोजून.

पण अडलानडला माणूस जायचा शेजारच्या एस्कोलमायकडे. ती बाजारात मासे विकायची. तिचा तेर्स उंबऱ्यावर बसून, बांगडे साफ करता करता व्हायचा. "नमो मरिये, कृपापूर्णे... हट् मेल्या मांजरा!" असा. तरी लोक म्हणत, एस्कोलमायच्या तोंडचं देव ऐकतो.

एकदा पिएदादचा नवराच म्हणाला, "माझ्या दुखऱ्या गुडघ्याचं जरा एस्कोलमायच्या कानावर घाल गो."

"का? मी काय आजवर भिंतीशी बोलत होते?" पिएदाद फणकारली. त्या रात्री तिने त्याला कढी थंडच वाढली.

मग वाड्यावरच्याच रोझलीनचा पोरगा इव्हो बोटीवर खलाशाच्या नोकरीसाठी मुंबईला निघाला. रोझलीन पिएदादच्या दारावरून पुढे गेली आणि एस्कोलमायपाशी थांबली. "माय, पोरासाठी सांग हं देवबापाला."

पिएदाद पडद्याआडून बघत होती. संध्याकाळी तिने गुडघे टेकले आणि माळ हातात घेऊन स्पष्ट मागितलं, "सायबा, या खेपेला तिचं ऐकू नकोस."

चार दिवसांनी इव्हो परत आला. नोकरी मिळाली नव्हती. रोझलीनचं रडणं पिएदादच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. आधी तिला बरं वाटलं. मग आपलं मागणं आठवलं. इतक्या वर्षांत तिचं एक मागणं फळलं, आणि ते हे!

दोन दिवस ती रोझलीनची नजर चुकवत राहिली. तिसऱ्या दिवशी ती एस्कोलमायच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली आणि सगळं ओकली.

एस्कोलमायने विळीवरून मान वर केली. "इव्होला रंग ओळखता येत नाहीत गो. लाल-हिरवा त्याला सारखाच दिसतो. बोटीवर तसा माणूस घेत नाहीत. नोकरीआधी डॉक्टरने तपासलं म्हणून कळलं. जन्मापासूनचं आहे ते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तू आत्ता मागितलंस म्हणून देवाने वीस वर्षांपूर्वी पोराचे डोळे बिघडवले? एवढी मोठी कधी झालीस बाय?"

पिएदाद रडायलाच लागली. पापातून सुटल्यामुळे की देवाने हेही ऐकलं नव्हतं म्हणून, ते तिचं तिला कळलं नाही.

"चल, बस. आधी त्या रोझलीनसाठी म्हणू," एस्कोलमाय म्हणाली. "आणि वेदीवरच्या मेणबत्तीसारखी ताठ बसू नकोस. पाठ दुखेल."

त्या दिवसापासून दोघी मिळून तेर्स म्हणतात. लोक अजूनही येतात ते एस्कोलमायलाच हाक मारत. पिएदादला अजूनही टोचतं. तेवढं मात्र ती आता पहिल्या मण्यालाच देवाला सांगून टाकते.