मैनाबाई वावरात मरून राहिली

मैनाबाईचा कापूस अमरावतीला सुखरूप पोचला. वाटेत एक बोंड सांडलं नाही की एक गोळी झडली नाही. पण हे आपल्याला ठाऊकच नाही असं धरून चालू. कापूस अजून बार्शीटाकळीजवळच्या तिच्या घरात आढ्यापर्यंत रचायचा आहे, आणि मैनाबाई अकोल्याच्या कचेरीत पिस्तुलाचा परवाना मागायला उभी आहे.

त्या सालात समुद्रापलीकडे कोणा दोन गोऱ्या फौजा आपसात लढत होत्या आणि त्यापायी वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या लढाईतलं वऱ्हाडाला एवढंच कळलं होतं. दरोडेखोरांनाही तेवढंच कळलं होतं. मागच्या हंगामात त्यांनी अमरावतीच्या वाटेवरच्या नाल्यात मैनाबाईच्या नवऱ्याची, खुशालरावांची, गाडी अडवली. कापूस नेला, बैल नेले, आणि बदल्यात खुशालरावांचं उजवं मनगट मोडून ठेवलं. आता त्या हाताला कासरा धरवत नव्हता. गोठ्यात उरलेली जोडी शेवटची. ती गेली की वखराला जुंपायला नवरा-बायको दोघंच उरणार, आणि त्यातला एक उजव्या अंगाने कच्चा. म्हणून यंदा गाडी मैनाबाई हाकणार होती आणि तिच्या कमरेला तमंचा असणार होता. तुले तो चालवता येते का, असं खुशालरावांनी भीतभीत विचारलं. गाडी तरी कुठं येत होती, म्हणाली, आणि विषय संपला.

अकोल्यात शालिकराम नावाचा दुकानदार कुलपं, कंदील आणि कढया विकायचा. कढयांमागे त्याच्याकडे एकुलतं एक पिस्तूल होतं. ते त्याने मैनाबाईच्या हातात दिलं आणि तिने नाल्यातला पहिला दरोडेखोर मनात उभा करेपर्यंत परतही घेतलं. सरकारचा कायदा असा की आधी चालचलणुकीची चौकशी, मग परवाना, मग पिस्तूल. चौकशीला किती दिवस लागतात? शालिकराम म्हणाला, आजवर परवाना घेऊन कोणी परत आलं नाही, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

कचेरीतले कारकून विसूपंत नुकतेच पुण्याहून आले होते. त्यांनी अर्ज घेतला आणि छापील प्रश्न विचारला, सत्तावनच्या गदरात सामील होता काय?

"गदराच्या सालात मी निंदून राहिली होती," मैनाबाई म्हणाली.

पंतांची लेखणी थबकली. "निंदा? कोणाची?"

"आमचीच. दुसऱ्याची काहून निंदू?"

वावरातलं तण काढण्याला निंदणं म्हणतात हे पंतांना पुण्यात कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना बाईचा नम्रपणा फार आवडला. 'अर्जदारीण केवळ आत्मनिंदा करते, सबब निरुपद्रवी,' असा शेरा त्यांनी मारला आणि गावी येऊन चौकशी करण्याचं कबूल केलं.

ते आले महिन्याने, तट्टावर बसून. कापूस वेचणीला आला होता, मजूर मिळत नव्हता, आणि मैनाबाई पहाटेपासून वावरात वाकलेली होती. घराला कडी. शेजारचे पंजाबराव तेवढे ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मैनाबाई कशी आहे, असं पंतांनी त्यांना विचारलं.

"काय सांगू पंत," पंजाबराव म्हणाले, "मैनाबाई तं वावरात मरून राहिली."

पंत तट्टावरून उतरले. वऱ्हाडात याचा अर्थ कामानं मरते आहे असा, पण पुणेरी कानाला अर्थ एकच कळतो. "कधी?"

"झाले ना पंधरा दिवस. रोजचंच हाय."

'रोजचंच' हा शब्द पंतांना खटकला, पण दुःखात माणूस काहीही बोलतो. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आणि यजमान?"

"खुशालराव? मागच्या छपरात भाकरी थापून राहिला. एका हातानं."

पंतांचे डोळे भरून आले. ते खुशालरावांना त्रास न देता परत फिरले.

मैनाबाईला यातलं काही कळलं नाही. ती दर बाजाराच्या दिवशी सहा कोस चालून कचेरीत जायची, आणि दारावरचा शिपाई तिला दर वेळी चौकशी चालू आहे म्हणून परत पाठवायचा. असे आठ बाजार गेले. कापूस आढ्याला टेकला. नवव्या बाजाराला तिने शिपायाच्या हातात भाकरीचं गाठोडं धरायला दिलं आणि तो ते कुठे ठेवावं हा विचार करत असताना आत गेली. विसूपंतांनी कागद काढला, वाचला आणि सौम्यपणे म्हणाले, "बाई, मैनाबाई मयत आहे."

"मले तं कोनी सांगितलं नाई."

पंत काही आंधळे नव्हते. समोरची बाई जिवंत आहे हे त्यांना दिसत होतं. पण कागदावर शिक्का होता आणि बाईवर नव्हता. शेवटी त्यांनी तोड काढली. अकोल्यात मेलेल्याची नोंद होते. मेलेल्याला पुन्हा जिवंत करण्याचा अधिकार अमरावतीच्या मोठ्या साहेबांचा. त्यांनी तिला तिच्या मरणाची शिक्क्यानिशी नक्कल करून दिली आणि ती जपून ठेवायला सांगितली, कारण त्या नकलेशिवाय ती मेल्याचं सिद्ध होणार नाही.

मैनाबाईने घरी येऊन गाडी भरायला घेतली. तमंच्याविना जाशील? खुशालरावांनी विचारलं.

"अमरावतीले जाच लागते ना. मंग रिकाम्या गाडीनं काहून जाऊ?"

नाला तोच होता. दुपारची वेळ. तोंडाला फडकी बांधलेले पाच जण बैलांसमोर आले आणि त्यांच्या म्होरक्याने विचारलं, संगं गडी कोन हाय? मैनाबाईने कासरा सोडला नाही. दुसऱ्या हाताने कनवटीची नक्कल काढून पुढे केली. पाचांतला एक जण पूर्वी पटवाऱ्याकडे दोन वर्षं होता. त्याने अडखळत वाचलं, "मैनाबाई भ्रतार खुशालराव. मयत." मग खालच्या वर्तुळावर बोट ठेवून तो म्हणाला, "सिक्का खरा हाय."

म्होरक्या दोन पावलं मागे सरला. मेलेल्या बाईचे पाय उलटे असतात हे त्याला ठाऊक होतं. "पाय दाखव," तो म्हणाला.

मैनाबाईने लुगड्याचा काठ आणखी खाली ओढला. "परक्या मानसाले मी पाय दाखवत नाई."

उलटे असले तरी ती असंच म्हणाली असती आणि सुलटे असले तरी असंच. सरकारनं लिहिलं तं खोटं कसं असन, असं म्होरक्या साथीदारांना म्हणाला, आणि ते पाचही जण वाटेतून बाजूला झाले. चाक रेतीत रुतलं तेव्हा त्यांनीच, खाली न बघता, मागून गाडी रेटून दिली.

"आमाले पाह्यलं म्हनून सांगू नको, माय," म्होरक्या म्हणाला.

"सांगून आयकते कोन? मेली हावो ना मी."

तर कापूस अमरावतीला पोचला, हे आता आपल्याला ठाऊक आहे असं धरायला हरकत नाही. बैलही पोचले. मोठ्या साहेबांच्या मुनशीने मात्र मैनाबाईला जिवंत करण्याऐवजी फेरचौकशीचा हुकूम काढला. अमरावतीचा शिपाई तिच्या गावात गेला. या खेपेला पंजाबरावांनी एकही जास्तीचा शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं. मैनाबाई कुठे आहे, असं विचारल्यावर ते एवढंच म्हणाले, "गेली."

मैनाबाईने अमरावतीत पंधरा दिवस त्याच उत्तराची वाट पाहिली. ते हातात पडल्यावर ती रडली नाही, भांडलीही नाही. पुढच्या साली पुन्हा कापूस होणार होता आणि नाला काही हलणार नव्हता. तिने कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाला बसवलं आणि सांगून अर्ज लिहून घेतला:

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी, मयत मैनाबाई भ्रतार खुशालराव हिचा अर्ज ऐसा जे, अर्जदारीण समक्ष हजर आहे. मयत असल्याने रस्त्यास फार उपयोग होतो, परंतु वावरात जिवंत असल्यावाचून चालत नाही. तरी कृपावंत होऊन अर्जदारणीस दरसाल दिवाळीपासून होळीपावेतो मयत ठेवावे, पेरणीस जिवंत करावे, आणि पिस्तुलाचा परवाना दोहोंपैकी जी आधी कचेरीत येईल तिचे हाती द्यावा. कळावे."