चढावरची डबल ट्रॉली

मलकापुरात माझे कॉम्प्युटरचे क्लास आहेत. आठवडाभर तिथे पोरं टायपिंग बडवतात आणि रविवारी दुपारी आम्ही तिघं गेम बनवतो. गेम बनवतो म्हटलं की लोकांना वाटतं यातून काहीतरी मिळत असेल. काही मिळत नाही. माझा नवरा तर रोज जेवताना विचारतो, "तुझा ट्रॅक्टर चालू झाला का न्हाई अजून?" विचारू दे. मी संयोगिता, गल्लीत रागीट म्हणून प्रसिद्ध आहे, आणि हातात घेतलेलं सोडत नाही म्हणूनही.

बाकीचे दोघे म्हणजे अरिहंत आणि शिवांजली. अरिहंतचं सांगलीकडे खताचं दुकान आहे. 'मालाची चौकशी करायला चाललोय' असं घरी सांगून तो एसटीने येतो. माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या कोरड्या माळावर शेळ्या राखायचा गेम करतोय. स्वतः झाडं काढायचा कंटाळा, म्हणून त्याने इंटरनेटवरून झाडांचा एक फुकटचा संच उतरवला, आणि त्यात निघाली देवदाराची झाडं. दहिवडीच्या माळावर हिमालय!

"शेळ्यांना स्वेटर पण विण आता," शिवांजली म्हणाली.

"आगं, फुकटात बाभळ कोण देतंय का?" अरिहंतने तेवढ्याच गंभीरपणे विचारलं.

शिवांजली कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्यात हुशार तीच. कृष्णा-कोयनेच्या संगमातून होडी काढायची, असा तिचा गेम. बघायला देखणा, खेळायला सोपा, कुठे अडत नाही. आमचा एक नियमही तिचाच. आपला गेम दुसरं कोणी खेळत असताना आपण तोंडात पाण्याची गुळणी धरून बसायचं. खेळणारा अडला, चुकला, वैतागला, तरी सांगायचं काही नाही. नियम सगळ्यांना असला तरी काढला माझ्यासाठीच, कारण मी खेळणाऱ्याच्या हातातून माऊस हिसकावून घ्यायची.

पुण्यात हौशी लोकांच्या गेमचं प्रदर्शन भरणार होतं. आमच्या गटाला टेबल एकच, आणि त्या रविवारी संध्याकाळपर्यंत एकच गेम पाठवायचा होता. "माझ्या शेळ्या अजून थंडीनं कुडकुडत्यात," म्हणून अरिहंत आधीच बाजूला झाला. राहिली शिवांजलीची होडी आणि माझा ट्रॅक्टर. मला ते टेबल हवं होतं. सरळ सांगते, हवंच होतं. लोकांच्या पोरांना एक्सेल शिकवण्यात माझं आयुष्य चाललंय. मी मन लावून केलेली एक तरी गोष्ट अनोळखी माणसाने खुर्ची ओढून बघावी, एवढंच मागत होते.

माझ्या गेममध्ये उसाने भरलेला ट्रॅक्टर कारखान्यावर न्यायचा. मागे दोन ट्रॉल्या, आमच्या रस्त्यांवर हंगामात असतात तशाच, कचाकच भरलेल्या. त्या ट्रॉल्यांनी माझा जीव खाल्ला. सुरुवातीला खड्डा आला की जोडणीची पिन निघायची आणि ट्रॉली उसासकट आभाळात उडून जायची. कितीतरी व्हिडिओ बघून, परदेशातल्या लोकांना मोडक्या इंग्रजीत विचारून शेवटी मी ती पिन अशी घट्ट केली की काही झालं तरी निघणार नाही. ती पिन हा माझा अभिमान होता.

त्या दिवशी अरिहंतबरोबर त्याच्या शालनकाकू आल्या. पोरगा दर रविवारी कुठल्या मालाची चौकशी करतो ते त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. अरिहंतचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शिवांजलीने मात्र लगेच काकूंना खुर्ची दिली. नवं माणूस आयतंच मिळालं होतं. काकूंनी जो गेम निवडला तो जायचा, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

आधी होडी. शिवांजलीने गुळणी धरली. काकूंनी चष्मा पुसला, दोन वेळा होडी खडकावर घातली, तिसऱ्यांदा पलीकडे नेली. "ब्येस हाय की गं," म्हणाल्या आणि हात झटकून मोकळ्या झाल्या.

मग माझा ट्रॅक्टर. मी घोटभर पाणी तोंडात घेतलं. काकू सपाट रस्त्याने झकास गेल्या, ट्रॅक्टरवर वाजणाऱ्या गाण्याचा आवाजसुद्धा वाढवून घेतला. मग कारखान्याच्या अलीकडचा चढ आला. ट्रॅक्टरने तोंड उचललं, पुढची चाकं हवेत, आणि सगळं लटांबर मागे घसरलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. काकूंनी एकेक करून सगळी बटणं दाबून बघितली.

"आवं बाई," त्या माझ्याकडे वळल्या, "मागची ट्रॉली सुटती कशी?"

मी फुगलेल्या गालांनी मान हलवली.

"म्हंजी सुटतच न्हाई? चढाला दोन्ही एकदम कोण वडतंय? एक खाली लावायची, एक वर न्यायची, मग दुसरीला माघारी यायचं."

मी पाणी गिळलं. हे मला माहीत नव्हतं होय? कारखान्याच्या रस्त्याला लहानाची मोठी झालेय मी. असल्या चढाखाली उभ्या एकट्या ट्रॉलीतून आम्ही पोरांनी ऊस उपसलाय. पण ट्रॉल्या उडू नयेत, उडू नयेत म्हणता म्हणता पिन निघता कामा नये हेच डोक्यात बसलं, आणि पिन असते काढण्यासाठी हे साफ विसरून गेले. मला माझाच एवढा राग आला की बाटली टेबलावर आपटली.

"ताई, होडी तयार आहे," शिवांजली हळूच म्हणाली. तिचं काही चुकत नव्हतं.

"संध्याकाळ झालीय का अजून?" मी म्हणाले आणि खुर्ची ओढली.

काकूंना चहा दिला आणि कामाला लागले. ट्रॉली सोडायचं बटण पटकन झालं. पण सोडलेली ट्रॉली उतारावरून घरंगळून थेट रस्त्याकडेच्या नदीत.

"आवो ताई, चाकाला दगड नगं का?" अरिहंत म्हणाला आणि त्याने दगड काढून दिला. झाडं काढायला कंटाळणाऱ्या या माणसाने दगडाला सावलीसुद्धा दिली. दगडाने ट्रॉली थांबली. मग परत जोडायला गेले तर जुनं दुखणं उपटलं, ट्रॉली आभाळात! मी कीबोर्डवर मूठ मारणार तेवढ्यात शिवांजलीने तो माझ्यासमोरून ओढून घेतला.

"जोडायच्या आधी हिचा वेग शून्य कर. आणि जोडताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकमेकांना धडकतात, तेवढी धडक बंद कर," ती म्हणाली. मी हरले तर तिला टेबल मिळणार होतं, तरी तिने ते करून दाखवलं.

उन्हं उतरली. एक काम राहूनच गेलं. चढ चढून पहिली ट्रॉली पोचली की गेम 'जिंकलात' म्हणायचा, दुसरीची वाटच बघायचा नाही. ते बदलायला वेळ नव्हता. मी गुळणी धरली आणि काकूंना बोलावलं.

काकूंनी चढाखाली ट्रॅक्टर थांबवला, ट्रॉली सोडली, चाकाला दगड लावला. एकच ट्रॉली घेऊन गुरगुरत वर गेल्या. पडद्यावर हे मोठं 'जिंकलात' आलं. अरिहंतने टाळ्या वाजवल्या.

"अजून कुटलं जिंकतोय?" काकू पडद्याकडे बघतच म्हणाल्या. "निम्मा ऊस खाली ऱ्हायलाय की." आणि त्यांनी ट्रॅक्टर वळवला.

कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे गुणही मिळणार नव्हते. काकू आपण होऊन माझ्या चढाखाली निघाल्या होत्या. माझे डोळे भरून आले. होडीच्या वेळी हात झटकून मोकळ्या झालेल्या काकू आता पुढे सरकून बसल्या होत्या. ते शिवांजलीनेही पाहिलं आणि तिने आपला लॅपटॉप मिटला.

"पाठव, ताई."

मला अतोनात आनंद झाला आणि तिच्याकडे बघवेनाही. पाठवताना बनवणाऱ्यांच्या जागी मी तिघांची नावं टाकली. शिवांजली माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"माझं काढ."

"अगं, जोडणी तू दुरुस्त केलीस."

"माझं नाव माझ्या गेमवर येणार," ती म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "काढ ते. आणि पुढच्या वर्षी टेबल माझं आहे, तयारीत राहा."

मी तिचं नाव काढलं.