विमलचं तूक

मित्रांनो, काटा म्हटलं की तुम्हाला बाभळीचा आठवेल. मी तो नव्हे. मी हुबळीच्या बाजारातल्या एका मिरचीच्या दुकानातला, पोती तोलणारा जुना लोखंडी काटा. खाली फळी, वर दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन, एवढाच माझा संसार. शेर-मण जाऊन किलो आले तेव्हा यशवंतअप्पांनी मला आणलं आणि शेराची जुनी वजनं किंतानात गुंडाळून कोपऱ्यात टाकली. हमाल महादेव रोज माझी फळी पुसायचा आणि गिऱ्हाइकाला छाती काढून सांगायचा, "नम्म काटा सुळ्ळु हेळंगिल्ल! खोटं बोलायचा नाही हा." ऐकून मला काय फुशारकी चढायची म्हणता!

अप्पा माणूस चोख. आज भरलेलं पोतं महिन्यानं तोललं तर हलकं भरतं, कारण मिरची वाळते. बाजारात त्याला 'घट' म्हणतात. पोतं किलोभर कमी भरलं तर अप्पा हसून म्हणायचे, "घट धरायची रे महादेवा, माल आहे, श्वास घेतो." पोत्याला एवढी समज दाखवणारा हा माणूस स्वतःच्या लेकीला मात्र घट धरायला विसरला. तेच सांगायला बसलोय.

शहात्तर साली अप्पांच्या विमलला बघायला सप्तापूरची मंडळी आली. मुलगा धारवाडला लेक्चरर. मुलाची आई जाता जाता बोलली, "पोरगी गुणाची आहे, पण अगदीच काडी. जरा अंग धरू दे, दिवाळीनंतर बघू."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी विमलला माझ्यावर उभं केलं. साडेएकोणचाळीस. "दिवाळीपर्यंत पंचेचाळीस भरली पाहिजे," अप्पा म्हणाले. विमल रोज पहाटे मैत्रिणींबरोबर उणकलच्या तळ्यापर्यंत चालत जायची, ते बंद झालं. "चालून चालून अंगावरचं झडतंय," म्हणे! दुकानावरच्या माडीत राहणाऱ्या अनसूयाबाई, म्हणजे विमलची आई, हुलग्याचं माडगं, मुगाची उसळ, शेंगदाणे, दूध, सगळं पुढ्यात ठेवायच्या. पोरगी चार घास खाऊन ताट सरकवायची.

आणि रोज संध्याकाळी तूक, म्हणजे वजन. आज चाळीस, उद्या साडेएकोणचाळीस, परवा पुन्हा चाळीस. अहो, माणूस आहे तो! तांब्याभर पाणी प्यालं तरी दांडी हलते, उपाशी उठलं तरी हलते. विमल सुरुवातीला थट्टेवारी न्यायची, "अप्पा, थांबा, घटाघटा पाणी पिऊन येते, लगेच किलोभर वाढेल की!" पण आकडा उतरला की अप्पांचं तोंड उतरायचं. "काल होतं ते गेलं कुठं?" असं विचारायचे, जणू पोरीनं चोरलंच. हळूहळू तिची थट्टा थांबली.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी ती माझ्यावर चढली आणि मी दचकलो. लोखंडाला लोखंड कळतं हो. तिनं शेराची जुनी वजनं कापडात शिवून लुगड्याआड कमरेला बांधली होती. साडेएकेचाळीस! अप्पा खूष. पुढच्या आठवड्यात त्रेचाळीस. दर वेळी तिच्या अंगावरचं लोखंड वाढत होतं आणि तिचं स्वतःचं तूक घटत होतं. मला दोन्ही कळत होतं. पण दांडीला तोंड कुठलं? फळीवर येईल तेवढं दाखवायचं, एवढंच मला शिकवलेलं. त्या खरेपणाची आज मला शिसारी येते.

ती खोकायचीही. पण मिरचीच्या दुकानात खोकला कोण मोजतो? महादेव खोकायचा, गिऱ्हाईक खोकायचं, अप्पा खोकायचे. "ठसका लागला गं, गूळ खा," एवढ्यावर भागायचं.

दिवाळीला आठ दिवस होते. दांडी पंचेचाळीसवर स्थिर झाली. अप्पांनी टाळीच वाजवली. "महादेवा, पळ, पेढे आण!" तेवढ्यात विमलला खोकल्याची उबळ आली. ती माझ्या फळीवरच खाली बसली. पदर तोंडाशी नेला, तो लाल झाला. अनसूयाबाई माडीवरून धावत आल्या. श्वास मोकळा व्हावा म्हणून त्यांनी कमरेचं सैल केलं, कापड ओढून काढलं, आणि वजनं फरशीवर घरंगळली. माझी दांडी धाडकन खाली आली.

अप्पांनी एक वजन उचललं. त्यांना काही कळेना. "हे काय गं विमल? का केलंस?"

ती जेमतेम बोलली. "आकडा वाढला की तुम्ही हसायचा, अप्पा."

क्षय होता. डॉक्टर म्हणाले, श्रावणात आणली असती तर औषधानं बरी झाली असती. औषधं होती, उपाय होता, फक्त उशीर झाला होता. पौषात विमल गेली. एकोणीस वर्षांची होती.

सुतक फिटल्यावर अनसूयाबाई दुकानात आल्या. रडल्या नाहीत. माझ्याकडं बोट करून एवढंच म्हणाल्या, "तुम्ही याच्याकडं बघत होता, मी ताटाकडं बघत होते. पोरीच्या तोंडाकडं कुणी बघितलंच नाही हो."

त्यानंतर अप्पांनी माझ्यावर माणूस चढू दिला नाही. परवा अळणावरच्या एका गिऱ्हाइकाची लहान मुलगी उडी मारून फळीवर उभी राहिली. अप्पांनी तिला अलगद उतरवलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि विचारलं, "जेवलीस काय गं? बरं वाटतंय न्हवं?" पोरीचा बाप हसला, "ठणठणीत आहे हो ती." अप्पांनी हनुवटी सोडली नाही.

मित्रांनो, खा, प्या, मोकळ्या हवेत भरपूर चाला. आकडा खालीवर होतच राहणार, त्याला भिऊ नका. आणि कुणाला खूष करायला बरं नसताना "बरी आहे" म्हणू नका. दुखतंय ते तोंडानं सांगा. मला बोलता येत नव्हतं, तुम्हाला येतं.