तहातली अट

ठकीने चाळिशी ओलांडली होती, तरी घरात तिला सगळे ठकीच म्हणत. बाहेर ती एका गाजलेल्या मालिकेची संवादलेखिका होती. मालिका राजेरजवाड्यांची, पण राज्यं कुठल्याच नकाशावर नसलेली. तिच्यात उडणारे लांडगे होते, बोलणारं धुकं होतं आणि एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन राजघराणी होती, एक डोंगरगडाचं आणि एक नदीकाठचं. लांडगे मागाहून कॉम्प्युटरवर तयार व्हायचे. चित्रीकरणाच्या वेळी नट बिचारे काठीला खोचलेल्या टेनिसच्या चेंडूकडे बघून थरथर कापायचे.

त्या आठवड्याच्या भागात दोन्ही घराण्यांचा तह होता. डोंगरगडाच्या राजकन्येने नदीकाठच्या विधुर युवराजाशी लग्न करायचं आणि नदीकाठच्या राजाने आपला धाकटा मुलगा डोंगरगडावर ओलीस ठेवायचा, म्हणजे कुणी शब्द फिरवणार नाही. राजकन्येच्या लग्नावर ठकीने रक्त आटवलं होतं. तिची वाक्यं चार-चारदा खोडली, पुन्हा लिहिली. ओलीस पोराचा प्रसंग मात्र एका बैठकीत उतरला. पाच-सहा वर्षांचा राजपुत्र परक्या महालात उभा आहे, बाप पाठ फिरवून निघून गेला आहे. आता पोर भोकाड पसरणार म्हणून सगळा दरबार श्वास रोखून बघतो आहे. आणि ते पोर डोंगरगडाच्या राणीला एवढंच विचारतं, "माझे बूट कुठे ठेवू?"

"हे कुठून सुचलं तुम्हाला?" दिग्दर्शकाने विचारलं होतं.

"सुचलं, झालं," ठकी म्हणाली होती, आणि विषय तिथेच संपला होता.

हा भाग बघायला ती आईबाबांकडे गेली. बाबा नेहमीच्या खुर्चीत होते, त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठकी टेकली होती. बापलेकींचं लहानपणापासून गूळपीठ. आईशी मात्र तिचं जेवढ्यास तेवढं. औषधं आणली का, नळाचं गळणं थांबलं का, याच्या पुढे दोघींचं बोलणं सहसा जात नसे. आई पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती आणि घड्या घालता घालता एक डोळा टीव्हीवर ठेवून होती.

पोराने बुटांचं विचारलं आणि आईचे हात थांबले.

बाबांनी रिमोट उचलून आवाज बारीक केला. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

"एवढ्या लोकांसमोर मांडायची काय गरज होती?" आई म्हणाली.

"काय मांडलं मी?"

"घरात बोलली असतीस तर ऐकून घेतलं असतं मी. चार शिव्या दिल्या असत्यास तरी घेतल्या असत्या."

ठकी बाबांकडे बघून हसली. आईचं काहीतरी बिनसलंय, अशा वेळी दोघं एकमेकांकडे बघून हसायचे तसं. बाबा हसले नाहीत.

"तिला माहीत नाहीये," बाबा आईला हलक्या आवाजात म्हणाले.

"काय माहीत नाहीये?" ठकीने विचारलं.

आईने हातातला सदरा मांडीवर ठेवला. ठकीकडे ती बघतच राहिली, जणू पोरगी खरं बोलतेय की नाटक करतेय याचा अंदाज घेत होती. मग तिचा चेहरा उतरला. "मला वाटलं तुला आठवलंय," ती म्हणाली. "अगदी हेच विचारलं होतंस तू काकूला. याच शब्दांत. मी फाटकाबाहेर उभी होते, मला ऐकू आलं."

ठकी लहानपणी काही वर्षं काकांकडे राहिली होती, यात लपवण्यासारखं काही नव्हतं. काकांच्या घराजवळची शाळा चांगली होती म्हणून तिला तिकडे ठेवलं होतं. निदान आजवर तिला हेच सांगितलं गेलं होतं.

"शाळा इथलीही चांगलीच होती," आई म्हणाली.

आजोबा गेल्यावर काचेच्या धंद्यावरून दोघा भावांत जुंपली. पुढे रस्त्याला लागून दुकान, मागे काच कापायचा कारखाना, आणि दोघांनाही पुढचंच हवं होतं. एकदा तर हातघाईवर आले आणि गाडीभर काचेचा चुरा झाला. आजोबांचे एक मित्र मध्ये पडले. वाटणी होईपर्यंत धाकट्याने कोर्टात जायचं नाही, थोरल्याने माल हलवायचा नाही. पण एकमेकांच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? मग ठरलं, धाकट्याची पोर थोरल्याच्या घरी राहील.

"आणि त्यांच्याकडून काय?" ठकीने विचारलं. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"तुझी मामी. तहापायी तिचं माझ्या भावाशी लग्न लावून दिलं."

मामी ही काकूची सख्खी धाकटी बहीण. दोन घरांत दोन नाती, केवढा योग, असं सगळे कौतुकाने म्हणायचे. ठकीही म्हणायची.

"मामीला कुणी विचारलं होतं?"

"तुला विचारलं होतं का?" आई म्हणाली.

ती खुर्चीच्या हातावरून उठली. टीव्हीवर राजकन्या ओठ हलवत होती, तिने रात्ररात्र घासलेली वाक्यं बिनआवाजाची निघून चालली होती. "बाबा?" तिने हाक मारली. बाबा टीव्हीकडेच बघत होते.

"वर्षभराचंच ठरलं होतं," ते म्हणाले.

"मी सहा वर्षं होते तिथे."

बाबांनी टीव्ही बंद केला.

"ते तुझ्या काकूला विचार," आई म्हणाली आणि सदऱ्याची घडी घालू लागली.

दुसऱ्या दिवशी ठकी सकाळीच काकूकडे गेली. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, कारखाना काकूच बघत असे. भिंतीला टेकवलेल्या काचांमधून वाट काढत ठकी आत पोचली, तेव्हा काकू टेबलावर आरसा आडवा टाकून त्याच्यावर काच कापायची हिरकणी फिरवत होती. रेघ पुरी होईपर्यंत तिने मान वर केली नाही. मग आरशाची पट्टी कट्‌कन मोडून बाजूला ठेवली.

"कुणी सांगितलं?" ठकीचा चेहरा बघूनच तिने विचारलं.

"आईनं."

"बराच दम धरला म्हणायचा तिनं. बस."

ठकी उभीच राहिली. "वर्षानंतर परत का नाही पाठवलंस?"

"भाऊजी आले होते न्यायला," काकू म्हणाली. ठकीच्या बाबांना ती भाऊजी म्हणायची. "मी तुला वरच्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली. मला मूल नव्हतं, ठके. वर्षभर तू माझ्या कुशीत झोपलीस. कुठला तह आणि कुठलं काय."

"आणि बाबा तसेच परत गेले?"

काकूने हातमोजे काढले. ती उत्तर टाळेल असं ठकीला वाटलं होतं, पण टाळणं हा तिचा स्वभावच नव्हता. "तुझे काका खाली गेले त्यांच्याशी बोलायला. म्हणाले, पोर राहू दे इथे, रस्त्याकडचं दुकान तू घे."

कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी यंत्र चालू केलं आणि बंद केलं.

"घेतलं?"

"तू ज्या दुकानाच्या पैशावर कॉलेजला गेलीस ते कुठलं होतं?"

ठकी स्टुलावर बसली. ज्या बाबांच्या शेजारी बसून ती गल्ल्यातली नाणी मोजायची, ते बाबा. ते दुकान. तिला रडू येईना, रागही येईना. कुणी कानफटात मारावी आणि कान नुसता वाजत राहावा, तसं झालं होतं.

"मला लाज नाही वाटत," काकू म्हणाली. "तू विचारायच्या आधीच सांगते. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा कडी लावीन."

"मग तुम्ही मला सोडलं कसं?"

"सोडली कुठे आम्ही तुला? तुझ्या आईनं पळवली. शाळा सुटायच्या वेळी टॅक्सी घेऊन आली आणि तुला घालून घेऊन गेली. नवऱ्याला विचारलं नाही, दिराला नाही. नंतर म्हणाली, दुकान परत घ्या, काचा फोडा, मला फाशी द्या, पोर मिळणार नाही. मी खूप शिव्या घातल्या तिला."

तो दिवस ठकीला लख्ख आठवत होता. टॅक्सीत आई तिला गच्च धरून बसली होती, आणि ठकी खिडकीची काच बडवत काकूच्या नावाने हंबरडा फोडत होती. पुढे कितीतरी दिवस ती जेवली नव्हती. मला माझ्या घरून उचलून आणलं, हे तिने त्या बाईला कधी माफ केलं नव्हतं. मोठी झाल्यावर राग ओसरला, पण अढी तशीच राहिली.

काकूने पाण्याचा ग्लास पुढे केला. ठकीने तो घेतला, प्यायली, आणि निघताना सवयीने काकूच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मग आपण काय करतोय हे लक्षात आलं, तरी लगेच उचललं नाही.

ती तिथून थेट आईकडे गेली. आई स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. आतल्या खोलीतून बाबांच्या खोकण्याचा आवाज येत होता.

"कळलं?" आईने विचारलं.

"टॅक्सीचं तू का नाही सांगितलंस कधी?"

"काय सांगायचं? तू तिच्यासाठी रडत होतीस. त्यात बापाचं सांगितलं असतं तर तुला धरायला कुणीच उरलं नसतं. तो तरी राहू दे म्हटलं."

शेकडो भाग लिहिलेल्या बाईला एक वाक्य सापडेना. तिने आईच्या हातातलं फडकं घेतलं आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागली. आईने तिला पुसू दिलं.

थोड्या वेळाने आईने तीन कप चहा केला. दोन टेबलावर ठेवले. तिसरा ओट्यावर राहिला. तो नेहमी ठकीच बाबांना नेऊन द्यायची. तिने त्या कपाकडे पाहिलं, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि ती बसून राहिली. चहावर साय धरू लागली तेव्हा आई उठली आणि कप आत घेऊन गेली.