हुकांची नवी रांग

प्रयोगाला तासभर उरला होता आणि बॅलेतल्या मुख्य नर्तकीचा झगा पाठीवर मिटेना.

"सुटलीस गं बाई," कपडेवाल्या मावशी म्हणाल्या.

तिला पटेना. वजन तर उलट घटलं होतं. तिनं झगा उतरवून उजेडात धरला. जुनी हुकं उसवून दोन बोटं आत नवी रांग शिवलेली. पिवळट कापडावर दोरा पांढराशुभ्र.

"ही कंबर कोणाची, मावशी?"

"दिग्दर्शकांना विचार. त्यांनी सांगितलं, मी शिवलं."

कोपऱ्यात तिची बदली नर्तकी मान खाली घालून बुटांच्या रिबिनी बांधत होती. कालपर्यंत 'ताई, ताई' करणारी, आज मुकी!

"मावशी, मधे पट्टी घाला आणि मला झग्यातच शिवून टाका. मग बघते, कोण अंगातून काढतं ते."

मावशींनी सुई ओवली.